सोलापूर शहराचे आर्थिक स्थित्यंतर

सोलापूर हे महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेजवळचे जिल्ह्याचे ठिकाण. येथील बाजारपेठेत मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा चालतात. कापड गिरण्यांवर उभे राहिलेले हे शहर गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग, विडी, तयार कपडे, यंत्रभाग आणि दवाखाने-महाविद्यालये यांच्या आधारावर तगले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. १९७१ मध्ये ते नाशिकपेक्षा बरेच मोठे होते; पण २००१ ते २०११ या दशकात नाशिकची लोकसंख्या सुमारे ३८ टक्क्यांनी वाढली, तर सोलापूरची अवघ्या ९ टक्क्यांनी. काम नाही म्हणून शहर वाढले नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. काम आहे, पण बहुतेक कामाचा दाम नगावर ठरतो आणि तो फार कमी असतो.

गिरण्यांचा काळ : १८६० मध्ये रेल्वे आली आणि आसपासच्या कापसाला वाट मिळाली. १८७७ मध्ये मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. पुढे आणखी गिरण्या निघाल्यावर लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आणि जामश्री या त्यांतल्या प्रमुख. गिरणीमुळे शहराला तीन पाळ्या, महिन्याचा पगार आणि संघटित कामगारवर्ग मिळाला. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर उठले, तेव्हा हा कामगार रस्त्यावर होता. सरकारने मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली.

गिरण्यांची पडझड वाटते त्यापेक्षा बरीच आधी सुरू झाली. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. हजारो कामगारांचा प्रश्न म्हणून केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. त्यावर भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजीत लाल चौधरी आणि द्वारकादास श्रीनिवास हे त्यातून उभे राहिलेले दोन खटले समानता आणि मालमत्तेच्या हक्कासंदर्भात आजही कायद्याच्या वर्गात शिकवले जातात. ते एका सोलापुरी गिरणीचे आहेत हे मात्र खुद्द सोलापुरात फारसे कोणाला ठाऊक नसते. न्यायालयीन लढाई गाजली, गिरणी वाचली नाही. उरलेल्यांपैकी मोठ्या गिरण्या शतक संपण्याच्या सुमारास थंडावल्या. जुनी यंत्रे, थकलेली देणी आणि यंत्रमागाचे स्वस्त कापड ही त्याची कारणे.

माग आणि विडी : गिरणीला मागे टाकणारा यंत्रमाग याच शहरातला होता. तेलंगणातून दुष्काळ व हलाखीमुळे आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग वसवला होता. हातमागावर लुगडी विणणारी ही घरे हळूहळू यंत्रमागाकडे वळली. जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी जाड सुती सोलापुरी चादर त्यांनी देशभर नेली. चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून विकला जाणारा बराच माल पानिपतचा असतो, आणि मऊ कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटांनी चादरीचे घरातले स्थानच हिरावले. त्यामुळे अनेक कारखानदारांनी चादर सोडून टॉवेल धरला. टॉवेलची निर्यात होते, पण सुताचा भाव आणि विजेचा दर या दोन्ही गोष्टी कारखानदाराच्या हातात नाहीत. मजुरी मात्र त्याच्या हातात असते, म्हणून मंदी आली की पहिली कात्री तिथेच लागते.

मागावर पुरुष, कांडी भरायला (मागासाठी सूत गुंडाळायला) व विडी वळायला बाई, अशी या भागातल्या घरांची जुनी वाटणी. विडी कामगार जवळपास सगळ्या स्त्रिया आहेत आणि त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. कारखान्याच्या ब्रँचमधून पान, तंबाखू आणि सूत घरी आणायचे, विड्या वळून परत नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर ठरते. पान खराब निघाले किंवा विड्या नापास ठरल्या, तर तोटा बाईचाच. धूम्रपानविरोधी कायदे आणि २०१७ मध्ये विडीवर लागलेला २८ टक्के जीएसटी यांनी धंदा आकसत गेला. यापुढे या बायकांनी काय करावे, याचे समाधानकारक उत्तर सरकारपाशी नाही आणि कारखानदारांपाशीही नाही. काही जणी शिलाईकडे वळल्या. शालेय व कामाच्या ठिकाणचे गणवेश शिवण्याचा व्यवसाय शहरात वाढतो आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरीचाही बऱ्यापैकी घरगुती उद्योग झाला आहे.

नव्या उद्योगांत यंत्रभागांचे कारखाने ठळक. मोटारींचे कॅमशाफ्ट (इंजिनातल्या झडपा उघडणारा दांडा) बनवणारी एक कंपनी येथूनच परदेशी वाहन उद्योगाला माल पुरवते. अशा कारखान्यांत पगार बरा आहे, पण पूर्व भागातील मजुराला तिथे सहज दार उघडत नाही; त्यासाठी आयटीआय किंवा पदविका लागते. ज्याच्याकडे पदवी असते तो पुण्याची वाट धरतो. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झाल्यावर शिक्षण जवळ आले, नोकरी पुण्यातच राहिली. दवाखान्यांचे चित्र उलटे आहे : धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडचे रुग्ण मोठ्या संख्येने इथे येतात. त्यांच्यावर औषधांची दुकाने, लॉज आणि खानावळी असा एक वेगळा बाजार जगतो.

जीवनमान : घरभाडे कमी, जेवण स्वस्त, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला फार वेळ लागत नाही. या सोयी खऱ्या आहेत. पाण्याने त्यांची किंमत वसूल केली. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, ते राज्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक; तरी शहराला वर्षानुवर्षे तीन ते पाच दिवसांआड नळ आला. कारण धरणात नसून वाटेत होते. पाण्याचा एक भाग नदीत सोडून औज बंधाऱ्यात अडवला जाई आणि टाकळीहून उपसला जाई. एवढ्या लांब प्रवासात शहराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी सोडावे लागे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत सोलापूर नवव्या क्रमांकावर आले, तेव्हा उजनीपासून सुमारे ११० किलोमीटरची, जुन्या वाहिनीला समांतर अशी नवी जलवाहिनी ही सर्वांत मोठी अपेक्षा होती. रंगवलेले चौक लवकर झाले, जलवाहिनी वर्षानुवर्षे रखडली. रोज पाणी मिळायचे तर जलवाहिनीबरोबर साठवण टाक्या आणि शहरातली जुनी वितरणव्यवस्थाही बदलावी लागते, ही बाब जाहीर भाषणांत क्वचित येते.

घरांच्या बाबतीत मात्र या शहराने देशाला दाखवावे असे काम केले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने शहराजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तिची १० हजार घरे, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर आकाराला आले. त्यातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सुपूर्त केली. दुसऱ्या बाजूला, कारखान्यातच राहण्याची जुनी रीत संपलेली नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत तिथेच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबातील माणसेही होती.

दळणवळणात भर पडत आहे. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईसाठी वंदे भारत धावते. होटगी रस्त्यावरील विमानतळासाठी, विमानांच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. ऊस उत्पादक सभासद आणि विमानसेवेचे आग्रही यांच्यातला हा वाद शहराला अनेक वर्षे पुरला. जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. महापालिकेची बससेवा मात्र नाममात्र उरली आहे, आणि कुंभारीहून शहरात कामाला येणाऱ्या बाईला रिक्षाचे भाडे हजार विड्यांच्या मजुरीतूनच काढावे लागते.