न्यू फ्रान्सच्या दुहेरी वह्या आणि 'उर्फ' आडनावं

कॅनडातल्या क्वेबेकमधली कितीतरी कुटुंबं आपली वंशावळ सतराव्या शतकात जहाजातून उतरलेल्या पूर्वजापर्यंत नेऊ शकतात. यात नशिबापेक्षा कारकुनीचा वाटा मोठा. फ्रान्समध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी १५३९ पासून आणि लग्न-दफनाच्या १५७९ पासून पाद्र्यांवर बंधनकारक होत्या. १६६७ च्या फर्मानानं वही दोन प्रतींत ठेवायला लावली: एक चर्चमध्ये, दुसरी न्यायालयाच्या दप्तरात. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्सच्या इथल्या वसाहतीत, हे १६७९ पासून रीतसर सुरू झालं. त्याआधी १६४० मध्ये क्वेबेक शहरातलं चर्च जळालं, १६२१ पासूनची वहीही गेली. पुढे ती आठवणीवरून लिहून काढली. त्या वर्षांतली तारीख जपूनच वापरावी.

वसाहत मुळात चिमुकली. राजाचा इथला कारभारी झाँ तालाँ याच्या १६६६ च्या खानेसुमारीत माणसं भरली ३,२१५, सैनिक सोडून. १६६३ ते १६७३ दरम्यान राजाच्या खर्चानं आलेल्या पावणेआठशेच्या आसपास विवाहयोग्य मुली आणि १६६५ च्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतले इथेच राहिलेले सुमारे चारशे शिपाई, यांच्यातून पुढची बरीच कुळं वाढली. त्यामुळे एकच पूर्वज वंशावळीत चार ठिकाणी भेटतो. ती चूक नसते.

शोध घ्यायचा तो लग्नाच्या नोंदीवरून. तीत सहसा वधू-वर दोघांच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरच्या आडनावासह. कागदोपत्री बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावानं वावरते. त्या आईवडिलांचं लग्न शोधायचं, की एक पिढी मागे. लग्न बहुधा मुलीच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) लागे, म्हणून तिथून सुरुवात. नोंद सापडली नाही तर नोटरीकडचा विवाहकरार पाहावा. मात्र करार लग्नाच्या काही दिवस आधी होई आणि कधी मोडतही असे. कराराची तारीख लग्नाची म्हणून लिहू नये.

नोंदीत 'तिसऱ्या अंशाची सूट' असं दिसलं तर थांबावं. जवळच्या नात्यातल्या लग्नाला चर्चची मनाई असे; ती बाजूला ठेवायची परवानगी म्हणजे सूट, आणि अंश म्हणजे नात्याची पायरी. सख्खी चुलत, आते, मामे, मावस भावंडं म्हणजे दुसरा अंश. पणजोबा-पणजी समान असतील तर तिसरा, त्यामागची पिढी समान असेल तर चौथा. सूट लिहिली आहे आणि आपल्या तक्त्यात समान पूर्वजच नाही, तर आपलीच एखादी कडी चुकली किंवा सुटली आहे.

सगळ्यात जास्त माणसं हरवतात ती 'दी' या शब्दापाशी. अर्थ सरळ 'उर्फ'. शिपायाला पलटणीत मिळालेलं टोपणनाव, नाहीतर जमिनीवरून पडलेलं नाव मूळ आडनावाला चिकटे आणि मुलांपैकी कुणी हे चालवी, कुणी ते. सहकारी पतपेढ्यांचे प्रवर्तक आल्फाँस देजार्दँ (जन्म लेव्ही, १८५४) यांचे वडील र्वा उर्फ देजार्दँ आणि आई मिव्हिल उर्फ देशेन. इथे फक्त 'देजार्दँ' शोधत बसलात तर दोन-तीन पिढ्यांत वाट बंद! दोन्ही आडनावं स्वतंत्रपणे शोधावी लागतात, त्यात पाद्री कानावर पडेल तसं लिहिणार. बहुतेकांना सही येत नसल्यानं स्पेलिंग दुरुस्त करणारं कोणी नसे.

तारखेतही फसायला होतं. '७ब्र' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. फ्रेंचमध्ये सात म्हणजे 'सेत', त्यावरून केलेला संक्षेप. '८ब्र' ऑक्टोबर, '९ब्र' नोव्हेंबर, रोमन दहाचा 'एक्स' लावला की डिसेंबर. आणि मूल दगावलं की त्याचंच नाव पुढच्याला ठेवत. म्हणून बाप्तिस्मा सापडल्यावर पुढच्या काही वर्षांतलं दफनही पाहावं, नाहीतर तान्हेपणी गेलेल्या मुलाच्या नावावर दहा नातवंडं चढतात.

समुद्रापलीकडे जायचं तर पहिल्या पूर्वजाच्या लग्ननोंदीतच त्याचा फ्रान्समधला पॅरिश आणि धर्मप्रांत बहुधा मिळतो. तिथून पुढे त्या जिल्ह्याचं अभिलेखागार. राजाच्या खर्चानं आलेल्या मुलींपैकी पुष्कळ पॅरिसच्या होत्या, आणि पॅरिसची एक प्रत नगरपालिकेकडे, दुसरी न्यायालयात होती. मे १८७१ च्या आगीत दोन्ही जळाल्या. अशा मुलीच्या आईवडिलांची नावं आता बहुतेक वेळा क्वेबेकच्या पाद्र्यानं तिच्या लग्नात लिहून ठेवली तेवढीच.