‘तब्येत स्थिर आहे’ या तीन शब्दांच्या मागचा इतिहास

आमच्या लालबागच्या बिल्डिंगमधले एक काका, त्यांचा मुलगा फौजेत, एलओसीजवळ सुरुंगाच्या स्फोटात जखमी झाला आणि गेले दोन महिने काका रोज संध्याकाळी सातला फोन हातात घेऊन गॅलरीत बसलेले असतात. पहिला फोन युनिटमधून सुभेदार साहेबांचा आला होता. पायाला लागलंय, उधमपूरला कमांड हॉस्पिटलला हलवलंय, डीआयएलवर आहे पण तब्येत स्थिर आहे. डीआयएल म्हणजे जिवाला धोका असलेल्या पेशंटची यादी, त्याच्या खालची एसआयएल, म्हणजे सिरीयस पण तेवढं नाही. आता एकाच वाक्यात जिवाला धोका पण आणि स्थिर पण, बापाने यातलं नक्की काय धरायचं? हे डोक्यात बसलं म्हणून मी जरा मागे मागे जात वाचायला लागलो तर ही गोष्ट थेट शंभर वर्षांपूर्वी जाऊन पोचली.

नोव्हेंबर १९१५, पहिलं महायुद्ध. सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांशी लढत होती, त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी, म्हणजे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची आपलीच पोरं. ही मोहीम चालायची हिंदुस्थानातून, बोटी सुटायच्या मुंबईवरून, पण जखमींना परत आणायची तयारी जवळजवळ नव्हतीच. रणांगणापासून नदीपर्यंत स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यातून आणि पुढे टायग्रिसवरून खच्चून भरलेल्या आगबोटीत. बसऱ्याला ‘वरेला’ या हॉस्पिटल बोटीवर मेजर कार्टर म्हणून इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर होता, त्याने अशी एक आगबोट येताना लांबून बघितली तेव्हा त्याला वाटलं बाजूने दोऱ्या लोंबतायत, जवळ आल्यावर कळलं ती माणसांची वाळलेली घाण होती, कारण जखमी डेकवर एकमेकांना चिकटून पडलेले आणि उठायला जागाच नव्हती. त्याने हे लिहून कळवलं तर वरच्या साहेबांनी त्यालाच दम दिला की आगाऊपणा करशील तर नोकरी जाईल. आणि त्याच लढाईनंतर वर जी सरकारी तार गेली तिच्यात काय होतं? जखमींची एकूण प्रकृती अतिशय समाधानकारक!

पुढे चौकशी बसली, मेसोपोटेमिया कमिशनचा रिपोर्ट १९१७ ला आला, त्यात कार्टरची साक्ष आणि ही तार दोन्ही छापलेत आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पण घरच्यांना कळेपर्यंत दीड वर्ष गेलेलं. मला तर वाटतं आपल्या ‘स्थिर’ची खापरपणजी ही तारच आहे.

त्या काळात ब्रिटिश फौजेत घरी पाठवायचं एक छापील कार्डपण होतं, त्यावर तयार वाक्यं, नको ती खोडायची. मी ठीक आहे. मी हॉस्पिटलात आहे, आजारी किंवा जखमी, आणि बरा होतोय. लवकर डिस्चार्जची आशा आहे. वर एक अक्षर जास्त लिहिलं तर कार्ड फाडणार. गंमत बघा, यात मी बरा नाही असं सांगायची सोयच नव्हती.

फ्रान्सला गेलेल्या आपल्या जखमींना इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवलेलं, तिथून पत्रं यायची पण बहुतेकांना लिहिता यायचं नाही, मग लिहून देणारा दुसरा, वाचणारा सेन्सॉर तिसरा आणि गावात वाचून दाखवणारा चौथा. सेन्सॉरला चकवायला कोड वापरायचे, काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतायत, म्हणजे आपले शिपाई संपले आता गोरे पाठवतायत. हे समजायला घरचं माणूस पण तेवढंच हुशार पाहिजे.

मुंबईत मात्र हे सगळं डोळ्यासमोर होतं. काळा घोड्याजवळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) १९१४ मध्ये बांधून झाली आणि तिथे आधी मिलिटरी हॉस्पिटल चाललं, म्युझियम म्हणून ती उघडली १९२२ ला. आपण शाळेच्या ट्रिपला जिथे गेलो तिथे खाटा होत्या! अपंग झालेल्या सैनिकांना काम शिकवायची संस्था पण १९१७ ला मुंबईतच सुरू झाली, मग ती खडकीला गेली.

आता गिरणगावाचा विचार करा. बाप मुंबईत साच्यावर, मुलगा पलटणीत, आणि फौजेच्या कागदावर पत्ता गावचा. म्हणजे रेकॉर्ड ऑफिसची तार जाणार गावी, ती वाचून घेण्यासाठी मास्तर शोधणार, आणि मग कोणीतरी मुंबईला कळवणार तेव्हा बापाला समजणार. परत पत्र टाकायचं तर केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, मुलगा पठाणकोटला आहे की लेहला ते पाकिटावरून कळणारच नाही. सिक्युरिटीसाठी ते बरोबरच आहे म्हणा, पण बापाला नकाशात बोट ठेवायला जागा नाही.

१९६५ च्या लढाईत सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर गोळ्या लागून जखमी झाले, एक गोळी मणक्यात राहिली, आणि त्यांचे उपचार झाले ते कुलाब्याच्या नेव्हीच्या अश्विनी हॉस्पिटलात. तिथे पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड, भारताचं पहिलं. मधली सात वर्षं घरच्यांनी कशी काढली ते कुठल्या पदकावर लिहिलेलं नसतं.

मग कारगिल, १९९९. जखमी तेराशेच्या वर. टीव्हीवर युद्ध चोवीस तास पण आपल्या मुलाचं काय ते टीव्ही सांगणार नाही. चाळीत फोन एकाकडे, बाकी सगळ्यांचा पीपी नंबर, कॉल आला की गॅलरीतून हाक आणि चप्पल न घालता धावायचं. स्वतः करायचा तर एसटीडी बूथ, रात्री अकरानंतर पाव रेट म्हणून रांग, समोर लाल आकड्यांचं मीटर पळतंय, त्यात हॉस्पिटलच्या एक्स्चेंजने वॉर्डला जोडून देईपर्यंत निम्मे पैसे गेलेले. काश्मीरमध्ये मोबाइल आलाच २००३ ला. तार २०१३ च्या जुलैमध्ये कायमची बंद झाली. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमधले फोन, नेट सगळं बंद झालं, पोस्टपेड मोबाइल सुरू व्हायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची सवय लागलेल्यांना एकदम जुन्या काळात नेऊन टाकलं.

काकांकडे आता व्हिडिओ कॉल आहे, तरी वाचायचं ते वाचावंच लागतं. पहिले काही दिवस फोन शेजारच्या बेडवाला धरायचा, नंतर मुलगा स्वतः धरायला लागला, पण हात थरथरायचा. काका जेवला का विचारायचे आणि बघायचे फ्रेम किती हलते ते. मुलगा कायम छातीच्या वरच दिसायचा.

परवा तो म्हणाला, बाबा, पुण्याला शिफ्ट करतायत, एएलसीला. काकांनी मला विचारलं, एएलसी म्हणजे काय रे, जरा बघ ना. मी बघितलं. आर्टिफिशियल लिंब सेंटर, १९४४ पासून आहे, फौजेतल्यांना कृत्रिम हातपाय तिथे बसवतात. कसं सांगावं म्हणून मी फोनमध्येच तोंड घालून बसलो तर तेच म्हणाले, माहितीय मला, दुसऱ्या का तिसऱ्या कॉलला त्या बेडवाल्याच्या हातून फोन घसरला ना, तेव्हा चादर एका बाजूला सपाट दिसली होती. काकूला अजून बोललो नाहीये.

मग म्हणाले, इंद्रायणी दादरला किती वाजता येते ते बघ.