बुचाचा पॉपर घरी कसा घडवायचा, कसा रंगवायचा
(पॉपरचं पाकीट घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

पाकिटात सहा बुचं, कुबडदार दांडीचे सहा गळ, शेपटीसाठी कोंबड्याची पिसं आणि रबरी पाय आहेत. रंग दिलेले नाहीत. ते मुद्दामच, आणि त्यावरून दुकानात रोज वाद होतो.

पॉपर म्हणजे पुढून खोलगट तोंडाचं, पाण्यावर तरंगणारं आमिष. दोरीला झटका दिला की तोंड पाणी ढकलतं, ‘डुब्’ आवाज येतो आणि खालच्या माशाला वाटतं, वर बेडूक किंवा बोय धडपडतेय. अमेरिकेत टेनेसीमधल्या चॅटनूगाचे अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुचाचे असे पॉपर लोकप्रिय केले, तिथल्या बास माशासाठी. आपल्याकडे खाडीत जिताडा, खारफुटीच्या मुळांत तांबोशी आणि तळ्यात मरळ. मरळ यावर अशी उसळते की पहिल्यांदा गरवणाऱ्याच्या हातातला रॉडच सुटावा.

आधी अंग

बुचाच्या पोटाला हेक्सा ब्लेडने लांबीभर एक चीर पाडा. खोली २ ते ३ मिमी पुरे. गळ मधोमध बसवू नका, पोटाशीच ठेवा. मधोमध बसला तर गळाचं टोक आणि बूच यांत जागा उरत नाही, मग मासा धडका देतो पण लागत नाही. दांडीचं कुबड त्या चिरेत रुततं, म्हणून बूच गळाभोवती फिरत नाही. तरीही दांडीवर शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळून घ्या. गुळगुळीत पोलादाला गोंद धरत नाही, दोऱ्याला धरतो. गोंद दोन ट्यूबवाला एपॉक्सीच हवा; सुताराचा साधा पांढरा गोंद पाण्यात सुटतो.

तोंडाची वाटी करायला पेन्सिलीभोवती पॉलिश पेपर गुंडाळा आणि हळूहळू घासा. वाटी उथळ ठेवा. फार खोल केली तर आवाज मोठा येतो, पण पाण्यातून उचलताना आमिष जडशीळ होतं.

यानंतर बादलीत सोडून बघा. मागचा भाग किंचित खाली आणि तोंड पाण्याबाहेर, असं बसलं पाहिजे. कलंडत असेल तर पोटाच्या मागच्या बाजूला शिशाच्या तारेचे दोन वेढे द्या. ही चाचणी रंगाआधीच करायची. रंगवलेल्या पॉपरला पुन्हा ब्लेड लावायला कुणाचाच हात धजत नाही.

मग रंग

लोक दुकानात येतात ते ‘कुठला रंग चालतो?’ विचारत. मासा खालून बघतो. त्याला दिसतं ते पोट, आणि वर उजेड असल्याने तेही बहुतेक सावलीसारखं. म्हणून पोट फिकट ठेवा, पांढरं किंवा पिवळसर. पाठीचा रंग तुमच्यासाठी. संध्याकाळच्या उजेडात तीस हातांवरचा पॉपर दिसावा म्हणून कपाळावर नारिंगी ठिपका द्या. बाकी हिरवा की निळा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

बुचाची भोकं एपॉक्सीत थोडी टाल्कम पावडर कालवून बुजवा, वाळली की घासा. त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकचे दोन पातळ हात. पांढरं अस्तर नसेल तर पिवळा रंग बुचाच्या तपकिरीत मळकट दिसतो. खवले हवे असतील तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंगावर ताणून धरा आणि स्पंजने गडद रंग टिपा. जाळी सरळ वर उचला, ओढू नका. डोळ्यांसाठी मोठ्या खिळ्याचं डोकं पिवळ्या रंगात बुडवून ठिपका, तो वाळल्यावर बारीक खिळ्याने काळा. ब्रशने डोळा काढायच्या भानगडीत पडू नका.

बुचाऐवजी थर्माकोल वापरणाऱ्यांनी स्प्रे, थिनर, नेलपॉलिश लांब ठेवावं. आमचे पहिले चार पॉपर स्प्रे मारताच डोळ्यांदेखत आक्रसून बसले.

शेवटी पारदर्शक एपॉक्सीचा थर. दोन्ही भाग मोजून समान घ्या. पाच मिनिटांत आवळणारा घेऊ नका, तो उन्हात पिवळा पडतो. तीस मिनिटांचा नीट पसरतो. आवळेपर्यंत पॉपर हातात सावकाश फिरवत राहा, नाहीतर सगळा थर पोटाला लोंबतो. आणि एपॉक्सी ओला असतानाच गळाच्या नेढ्यातून सुई फिरवा. हे हमखास राहून जातं, मग खाडीवर उभं राहून दाताने गोंद कुरतडायची वेळ येते. पिसं आणि रबरी पाय या सगळ्यानंतर, म्हणजे त्यांना रंग लागत नाही.

पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळा. दमट हवेत एपॉक्सीवर पांढुरकी चिकट साय येते. टाळता येत नसेल तर खोक्यात साधा पिवळा बल्ब लावून त्याच्या उबेत वाळवा.

पाण्यावर

झटका द्या आणि थांबा. तरंग पूर्ण विरेपर्यंत थांबा. मासा बहुतेक याच शांततेत घेतो. फ्लाय रॉड (जड दोरीच्या जोरावर हलकं आमिष लांब फेकणारा) नसेल तर साध्या रॉडला पाणी भरायचा पारदर्शक फ्लोट लावा, कारण नुसता पॉपर इतका हलका की लांब जात नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, लहान मासा सोडणं सोपं जातं. खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने धुवा.

पाकिटातलं बूच तडकलेलं किंवा गळ वाकडा निघाला तर घेऊन या, लगेच बदलून देऊ. रंग उडाला म्हणून आलात तर चहा पाजू, पाकीट नाही बदलणार.