सोडण्याजोगे काय होते? : सोलापुरातील ख्रिस्ती आणि बौद्ध परंपरांची पार्श्वभूमी

सोलापुरात ख्रिस्ती आणि बौद्ध या दोन धर्मांतील श्रद्धा आणि विरक्तीविषयी बोलणे निघाले की दोन समजुती हमखास पुढे येतात. बौद्ध धम्म बुद्धीला पटेल तेवढेच मानतो, त्यामुळे त्यात श्रद्धेला जागा नाही, ही एक. आणि शाळा-दवाखाने काढणाऱ्या मिशनऱ्यांच्या धर्मात वैराग्य नाही, ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्यांचे मूळ धर्मग्रंथांत कमी आणि हे धर्म या शहरात ज्या वाटेने आले त्या वाटेत जास्त आहे.

ख्रिस्ती वैराग्याची परंपरा जुनीच आहे. तिसऱ्या शतकात इजिप्तमधील एका तरुणाने उपासनेच्या वेळी, जे आहे ते विकून गोरगरिबांना दे, हे येशूचे सांगणे ऐकले आणि वडिलोपार्जित जमीन सोडून तो एकांतात गेला. मठवासाची परंपरा त्याच्यापासून सांगितली जाते. सोळाव्या शतकातील युरोपातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने मात्र मठ आणि मठवासीयांची व्रते नाकारली. एकोणिसाव्या शतकात सोलापुरात आलेले अमेरिकन मिशनरी याच सुधारणेचे वारस होते. ते बायकामुलांसह आले, बंगल्यांत राहिले, त्यांनी बालवर्ग आणि मुलींच्या शाळा काढल्या. साधू म्हणजे भगवी कफनी आणि भिक्षेची झोळी, हेच चित्र मनात असलेल्या भोवतालच्या समाजाला त्यांच्यात त्याग दिसला नाही, यात नवल नाही. ही उणीव मराठी ख्रिस्ती माणसांनाही जाणवत होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि पुढे अहमदनगरला राहिलेल्या एका थोर कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली आणि ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले.

या शहराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तारीख १ जानेवारी १९३८ ही आहे. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजाच्या सभेत बोलले. धर्मांतराच्या येवल्याच्या घोषणेला सव्वादोन वर्षे झाली होती आणि कोणता धर्म स्वीकारायचा हे जाहीर व्हायचे होते. आपल्याला बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आकर्षण वाटते, असे त्यांनी तेथे सांगितले. त्याच भाषणात, दक्षिणेतील चर्चमध्ये जात पाळली जाते आणि शिकलेल्या ख्रिस्ती समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा दिलेला नाही, हेही त्यांनी सुनावले. या भाषणातील पहिले वाक्य ख्रिस्ती मंडळी आवडीने सांगतात आणि दुसरे बौद्ध मंडळी. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तरच आंबेडकरांचा प्रश्न कळतो: माणसाचे मन ओढून घेणारी श्रद्धा त्याला अन्यायासमोर उभे करते की गप्प बसवते?

याच प्रश्नातून पुढचा वाद निघाला, आणि तो दारिद्र्याचा आहे. १९५० मध्ये बौद्ध धम्माच्या भवितव्यावर लिहिलेल्या लेखात आंबेडकरांनी धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, अशी अट घातली. ज्याच्याकडे संपत्ती आहे त्याने ती सोडणे ही धन्य अवस्था असू शकेल, पण दारिद्र्य ही धन्य अवस्था कधीच असू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवला आणि मावळला, गावात ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्यांना विरक्तीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगणे होते. ही अट समजून घेतल्याखेरीज येथील बौद्धांना ‘वैराग्य’ हा शब्द का खटकतो ते कळणार नाही.

ख्रिस्ती बाजूचे उत्तरही नीट ऐकले पाहिजे. मत्तयकृत शुभवर्तमानात ‘आत्म्याने दीन’ असलेल्यांना धन्य म्हटले आहे, लूककृत शुभवर्तमानात मात्र नुसते ‘दीन’ आहे आणि पाठोपाठ धनवानांना इशारा आहे. पहिला पाठ घेतला की दैन्य म्हणजे नम्रता ठरते. दुसरा घेतला की तोच उतारा व्यवस्थेवरचा आरोप होतो. मराठी प्रवचनांत पहिल्याच पाठावर भर दिला गेला, आणि माझ्या मते त्यामुळे मोठे नुकसान झाले.

बुद्धाच्या गृहत्यागाच्या कथेचेही असेच झाले. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राने घर सोडले, ही पारंपरिक कथा आंबेडकरांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला ही दृश्ये नवी असणे त्यांना पटणारे नव्हते. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. पाण्यावरून होणारी भांडणे पाहत वाढलेल्या आमच्या दुष्काळी भागात ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घर सोडणे हे येथे संसाराला विटून पळणे नसून एका निर्णयात सामील न होण्याची किंमत आहे.

‘श्रद्धा’ या शब्दाचा गुंता थोडक्यात सांगतो. मराठी बायबलने ‘विश्वास’ हा शब्द घेतला: आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी. पालीतील ‘सद्धा’ ही पाच इंद्रियांपैकी, म्हणजे साधनेतल्या पाच मानसिक शक्तींपैकी, पहिली असून प्रज्ञा पाचवी आहे, म्हणजे सद्धेने सुरुवात होते आणि शेवट जाणण्यात होतो. धम्माचे एक विशेषण ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, असे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात फिलिप्प नथनेलाला ‘येऊन पाहा’ असेच म्हणतो. पुढे त्याच शुभवर्तमानात न पाहता विश्वास ठेवणारेही धन्य ठरतात, आणि तेथून वाटा वेगळ्या होतात.

आज त्यागाचे रूप लहान आणि रोजचे आहे. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतील दहा पारमितांच्या, म्हणजे दहा सद्गुणांच्या, पालनात ‘नेक्खम्म’, म्हणजे ऐहिक सुखांचा त्याग, येतोच. दहा दिवसांच्या श्रामणेर (नवशिक्या भिक्खूंच्या) शिबिरात चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, घेतलेला माणूस अकराव्या दिवशी यंत्रमागावर परततो, तेव्हा त्याच्या डोक्यावर नुकते खुंट उगवलेले असतात आणि शेजारचा कामगार तंबाखूची पुडी पुढे करतो, ती तो हात जोडून परत करतो. चर्चमध्ये हंगामाच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसे, कांदे आणि अंडी मांडतात, नंतर त्यांचा लिलाव होतो, आणि पाच रुपयांचा भोपळा कुणीतरी पाचशेला घेते. ख्रिस्ती घरात दशमांशाचे पाकीट पगाराच्या दिवशीच वेगळे काढतात; बौद्ध घरात उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचे बाबासाहेबांचे १९५६ चे आवाहन वडीलधारी माणसे अजून आकड्यासकट सांगतात.