अँड्रॉइड बॉक्स आणि अँड्रॉइड टीव्ही बॉक्स: दिसायला जुळे, आतून वेगळे

चवथ जवळ आली की जुना टीव्ही 'स्मार्ट' करून घ्यायची घाई सुरू होते. दुकानात दोन काळ्या डब्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. स्वस्त डबीच्या, म्हणजे नुसत्या 'अँड्रॉइड बॉक्स'च्या, खोक्यावर '८ जीबी रॅम, १२८ जीबी, ६के' असं ठळक छापलेलं असतं. तिच्याहून महाग 'अँड्रॉइड टीव्ही' डबीवर जेमतेम २ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण. साहजिकच गिऱ्हाईक पहिलीकडे वळतं. पण इथे रॅमचा आकडा बघायचाच नसतो; बघायचं असतं ते गूगलचं प्रमाणपत्र.

अँड्रॉइड टीव्ही (हल्ली त्यावरच्या नव्या रूपाला गूगल टीव्ही म्हणतात) ही खास टीव्हीसाठी बनवलेली, गूगलने तपासलेली प्रणाली आहे. नुसत्या 'अँड्रॉइड बॉक्स'मध्ये बहुतेक वेळा मोबाइल-टॅबलेटचंच अँड्रॉइड असतं, वरून टीव्हीसारखा मुखवटा चढवलेला. फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो: अ‍ॅप उभ्या मोबाइलसाठी आखलेलं, रिमोटची बाणाची बटणं चालत नाहीत आणि पडद्यावर माऊसचा बाण फिरवत बसावं लागतं.

खरी गोम वाइडवाइनमध्ये आहे. पैसे भरून बघायच्या व्हिडिओला लावलेलं हे कुलूप. एल१ दर्जा असेल तर ते चिपच्या सुरक्षित भागात उघडतं आणि एचडी, ४के मिळतं. एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारखं अ‍ॅप ४८०पीच्या, म्हणजे कमी स्पष्ट चित्राच्या, आसपासच अडकतं. मग ४३ इंची पडद्यावर माणसांचे चेहरे पुसट दिसतात आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नसतो. एल१ असूनही नेटफ्लिक्सची स्वतःची मान्यता वेगळी लागते, तीही स्वस्त डब्यांना सहसा नसते.

दुकानातच तपासा. स्वस्त बॉक्स सुरू करून प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलचं चिन्ह, सेटिंग्ज, अबाउट. तिथे 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' असं दिसलं पाहिजे. दुकानदार बॉक्स लावून दाखवायला तयार नसेल तर तेच उत्तर समजा. फायर टीव्ही स्टिक (डबीऐवजी टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला जोडायची अ‍ॅमेझॉनची छोटी कांडी) या तपासणीत बसत नाही, कारण तिच्यात प्ले स्टोअरच नसतं. पण तिला अ‍ॅमेझॉनची स्वतःची प्रणाली आणि एल१ आहे, त्यामुळे ती चालते.

दुसरा धोका दिसत नाही. काही बिनप्रमाणपत्राच्या डब्यांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून येतं. 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या, अशा बाधित उपकरणांच्या जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने जून २०२५मध्ये इशारा दिला. ते घातक सॉफ्टवेअर मूळ फर्मवेअरमध्ये (डबीत कारखान्यातच भरलेल्या पायाभूत सॉफ्टवेअरमध्ये) असलं तर फॅक्टरी रीसेट करून जात नाही. अशी डबी आधीच घरात असेल तर वाय-फाय तोडून फक्त पेनड्राइव्हवरची नाटकं, लग्नाचे व्हिडिओ लावायला वापरा. तिच्यात स्वतःचं गूगल खातं घालू नका.

आता जोडणी. चांगली स्टिक घेऊनही इथेच घोळ होतो. वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देऊ नका. तो पोर्ट अनेकदा ५ व्होल्टला अर्धाच अँपिअर देतो, स्टिकला साधारण १ लागतो. लोगो येतो, जातो, पुन्हा येतो, हे त्याचंच लक्षण. सोबतचा अडॅप्टर सॉकेटमध्ये लावा.

स्टिक थेट टीव्हीच्या पाठीत खुपसू नका. सोबत येणारी आखूड एचडीएमआय एक्स्टेंडर वायर वापरली की स्टिक कमी तापते आणि वाय-फायही बरं पकडते. आपल्याकडे जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या भिंतीपाशीच गळतो. राउटर त्याच खोलीत असेल तर ५, नाहीतर २.४ निवडा. १०८०पीला ५ एमबीपीएस, ४केला १५ पुरतात, पण तो वेग टीव्हीजवळ मोजायचा, राउटरजवळ नाही.

चित्रच येत नसेल तर आधी टीव्हीचा इनपुट बघा, मग दुसरा एचडीएमआय पोर्ट. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या टीव्हीला कन्व्हर्टर लावून मेन्यू दिसतो, पण सिनेमा सुरू होताच पडदा काळा होऊ शकतो: कॉपी-संरक्षण, म्हणजे एचडीसीपी, त्या वाटेने पुढे जात नाही. असल्या टीव्हीवर पैसे घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या दमट हवेने एचडीएमआयच्या पिना काळवंडतात आणि चित्र मधूनमधून तुटतं. वीज बंद करून प्लग दोन-तीनदा काढून घाला. तेवढ्याने बऱ्याचदा भागतं. विजा चमकू लागण्याआधीच अडॅप्टरबरोबर राउटरचा प्लगही काढा, आणि इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल तर तीही.