डोंगराच्या पोटात म्युझियम, पण मुंबईत?

जुलैत आमच्याकडे कपाट उघडलं की आधी कुबट वास येतो. चामड्याचा पट्टा, लग्नाचा अल्बम, वरच्या फळीवरची बॅग, सगळ्यावर पांढरट बुरशी धरलेली, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर हं. त्यामुळे जपानमधल्या त्या जमिनीखालच्या म्युझियमचे फोटो दाखवून कोणी "आपल्याकडे पण असं काहीतरी पाहिजे यार" म्हणालं की मला आधी ते कपाट आठवतं.

म्युझियमं भारीच आहेत, त्यात वाद नाही. नाओशिमा बेटावरचं चिचू, २००४ सालचं, तादाओ आंदो या वास्तुकाराने बांधलेलं, जवळजवळ सगळंच टेकडीच्या पोटात. वरून बघितलं तर हिरवळीत कापलेले चौकोन-त्रिकोण तेवढे दिसतात, तिथूनच उजेड खाली उतरतो आणि मोनेची कमळांची चित्रं त्याच उजेडात बघायची, ढग आला की चित्रही बदलतं. जपानमधलंच दुसरं, वास्तुकार आय. एम. पेईचं मिहो म्युझियम १९९७ चं, त्याचाही बहुतेक भाग जमिनीखाली. पण तिथे आधी डोंगर कापला, मग इमारत बांधली, मग वर माती टाकून झाडं परत लावली. म्हणजे निसर्गाशी एकरूप वगैरे नंतर, पोकलेन आधी. शिवाय एक मीटर भिजलेल्या मातीचं वजन चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास जातं, ते पेलायला तसाच जाड स्लॅब लागतो, आणि जगभर माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा. इमारत दिसत नाही म्हणून ती पर्यावरणाला जड नाही असं अजिबात नाही.

मग लोक जमिनीत का शिरतात? कारण माती सुस्त असते. वरची गरमी-थंडी आत झिरपायला तिला महिने लागतात, त्यामुळे तीन-चार मीटर खाली वर्षभर जवळजवळ एकच तापमान असतं, साधारण त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतकं. जपान किंवा डेन्मार्कमध्ये ही सरासरी चांगली गार, म्हणजे उन्हाळ्यात फुकटचा एसी. मुंबईत ती २७ अंशांच्या आसपास, म्हणजे इथली जमीन स्थिर आहे पण गार नाही. आणि खरी गोची तापमानाची नाहीच, ओलीची आहे.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे लगेच कळेल, पावसाळा सुरू झाला की लादीला घाम येतो, कितीही पुसा. पाणी खालून येतं असं वाटतं पण बरेचदा ते हवेतलं असतं. हवा किती गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते त्याला दवबिंदू म्हणतात, तो जुलैत आपल्याकडे २५ अंशांच्या आसपास असतो. आता जमिनीतली भिंत २७ ला आहे धरा. तिच्यावर थेंब दिसणार नाहीत, पण भिंतीला चिकटलेल्या हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाईल, आणि बुरशीला ६५-७० पुरते. जुने कागद, कापड, लाकूड अशा बहुतेक वस्तूंना म्युझियमवाले ४० ते ६० टक्के धरून चालतात. तिथवर यायचं तर हवा १३ अंशांपर्यंत गार करून पाणी काढायचं आणि मग थोडी परत गरम करून आत सोडायची, म्हणजे जमिनीत जाऊन वाचवलेली बरीचशी वीज पाणी पिळण्यात गेली.

छपराचं मात्र वेगळं आहे, तिथे माती खरंच कामाची. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, त्यामुळे भिंतींपेक्षा छप्पर तापतं; टॉप फ्लोअरवाल्यांना विचारा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसवर वास्तुकार रेन्झो पियानोने २००८ मध्ये अडीच एकराचं जिवंत छप्पर केलं, टेकड्यांसारखे उंचवटे असलेलं, माती जेमतेम सहा इंच, आणि उतारावर ती घसरू नये म्हणून झाडं नारळाच्या काथ्याच्या ट्रेमध्ये लावली. काथ्या! आपल्या कोकणातला माणूस हे ऐकून हसेल. आपल्याकडे त्यावर लॉन लावू नका एवढंच, लॉनला आठ महिने टँकर लागेल. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, किंवा कासच्या पठारावर कातळावरच्या चार बोटं मातीत जी झाडं जगतात तसली लावा, ती एप्रिलमध्ये तपकिरी दिसतील, दिसू देत.

पण खाली पाणी जाणार कुठे? हे बघायला मी दर पावसाळ्यात कान्हेरीला जातो. शंभरावर लेणी, इसवी सनाच्या आधीपासून पुढे हजारेक वर्षं खोदलेली, आणि लोक बुद्धमूर्ती बघून परत फिरतात, पण तुम्ही जरा कातळाकडे बघा. वरून येणारं पाणी दारात पडू नये म्हणून खोदलेल्या पन्हळी, पायऱ्यांच्या बाजूने वाट काढून दिलेलं पाणी, आणि ते सगळं जाऊन पडतं लेण्याजवळच्या टाक्यात. शिलालेखात टाक्याला पोढी म्हणतात, दान देणाऱ्यांनी पोढ्याही दान दिल्यात. भिक्खू पावसाळाभर फिरणं थांबवून एका जागी राहायचे, म्हणजे याच ओलीत, पण माणसाला बुरशी धरत नाही, पोथीला धरते. भुजमध्ये भुजियो डोंगरावर २०२२ मध्ये उघडलेल्या स्मृतिवन या भूकंप-स्मारकात पन्नास छोटे बंधारे आहेत, तिथे पाऊस इतका कमी की थेंब अडवायचा. आपल्याला आधी घालवायचा, मग अडवायचा, कान्हेरीवाल्यांनी दोन्ही एकाच उतारावर केलं.

मला विचाराल तर नवा डोंगर कापूच नका. फोर्टातलं आपलं म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, वास्तुकार जॉर्ज विटेटचं, १९२२ ला लोकांना खुलं झालेलं, ते कुर्ल्याच्या करड्या आणि मालाडच्या पिवळसर दगडाचं आहे, हा दगड जवळच्याच खाणींतून आला. अशी एखादी बंद पडलेली खाण घ्या, टेकडीच्या कडेला कापलेली, एक तोंड उघडं असलेली, म्हणजे पाणी पंप न लावता बाहेर जाईल. इमारत आत बसवा पण कातळाला चिकटवू नका, मधे माणूस चालेल एवढी फट ठेवा, कातळ चार महिने गळणारच, तो त्या फटीत गळू दे. आणि कागद, कापड, लाकूड वरच्या कोरड्या मजल्यावर, दगडी मूर्ती खाली.