अमेरिकेतील उत्तर-दक्षिण भेद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तरेकडची व दक्षिणेकडची राज्ये यांच्या बोलीत, आहारात, धर्माचारात आणि शिष्टाचारात असलेले फरक, आणि त्या फरकांवर पोसलेल्या एकमेकांविषयीच्या साचेबंद समजुती. उत्तरेच्या नजरेतला दाक्षिणात्य माणूस संथ, अडाणी, देवभोळा आणि वंशद्वेष्टा असतो, पण पाहुणचारात मात्र कमी पडत नाही. दक्षिणेच्या नजरेतला ‘यँकी’ घाईखोर, तुसडा, पैशामागे धावणारा आणि शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेला असतो. यांतल्या बऱ्याच समजुतींच्या मुळाशी जमीन, पीक, हवामान, रोगराई असे काहीतरी खरे कारण सापडते. कारण नाहीसे झाले तरी समजूत मात्र गेली नाही, असे अनेकदा घडले आहे.

सीमा कुठे?

मेसन-डिक्सन रेषा ही लोकमान्य सीमा. पेनसिल्व्हेनियाचे मालक पेन घराणे आणि मेरीलँडचे मालक कॅल्व्हर्ट घराणे यांचा हद्दीचा तंटा मिटवण्यासाठी चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांनी १७६३ ते १७६७ या काळात ती आखली. गुलामगिरीशी तेव्हा तिचा काही संबंध नव्हता. पुढे उत्तरेकडच्या राज्यांनी एकेक करून गुलामगिरी बंद केली आणि ही रेषा, तिच्या पश्चिमेला ओहायो नदी, अशी ‘मुक्त’ आणि ‘गुलाम’ राज्यांची सरहद्द तयार झाली.

जनगणना खाते आज दक्षिणेत १६ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टनचा परिसर धरते. त्यात डेलावेअर आणि मेरीलँडही येतात, पण तिथले कित्येक रहिवासी स्वतःला दाक्षिणात्य म्हणवून घेणार नाहीत. १८६१–६५ च्या यादवी युद्धात संघराज्यातून फुटून निघालेली राज्ये ११ होती. वेस्ट व्हर्जिनिया तर त्याच युद्धात, १८६३ मध्ये, व्हर्जिनियापासून वेगळे होऊन संघराज्यात राहिले. फ्लॉरिडात गणित उलटे आहे : जॉर्जियाला लागून असलेला तिचा उत्तर भाग अस्सल दाक्षिणात्य, तर मायामीकडे न्यूयॉर्कहून आलेले निवृत्त लोक आणि क्यूबन वस्ती. म्हणून ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ हे शब्द नकाशाइतकेच इतिहासाचेही आहेत.

कापूस, युद्ध आणि त्यानंतर

१७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र केले आणि आखूड धाग्याचा कापूस फायद्याचा झाला. १८६० पर्यंत देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता आणि तो पिकवणाऱ्या दक्षिणेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. उत्तरेत गिरण्या, रेल्वे आणि युरोपातून येणारे मजूर वाढत होते. दक्षिणेत भांडवल गुंतले होते ते जमिनीत आणि माणसांत. १८६१–६५ च्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक गेले. लढाई बहुतांशी दक्षिणेच्या भूमीवर झाली, त्यामुळे तिथल्या घराघरात तिची आठवण जास्त काळ जागी राहिली. लढायांची नावेही दोन्हीकडे वेगळी : उत्तरेचे सैन्य जवळच्या ओढ्या-नदीवरून नाव देई, दक्षिणेचे जवळच्या गावावरून. एकच लढाई उत्तरेत बुल रन, दक्षिणेत मनॅसस. एकीकडे अँटिटम, दुसरीकडे शार्प्सबर्ग.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले, ते गुलामगिरी नष्ट केल्याबद्दल. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, केंद्राच्या फौजांनी दक्षिणेवरची देखरेख सोडली. मग कृष्णवर्णीयांचा मताधिकार आणि बरोबरीचे हक्क कायद्याआडून काढून घेतले गेले. ते परत मिळायला १९६४ आणि १९६५ चे नागरी हक्काचे कायदे यावे लागले.

‘आळशी दाक्षिणात्य’ आणि एक कृमी

या साऱ्या समजुतींत सर्वांत जास्त अन्याय केला तो आळसाच्या शिक्क्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडची वर्तमानपत्रे दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांची टिंगल करीत : फिकट चेहरा, पोट पुढे आलेले, अनवाणी, कामात दम नाही, माती खाण्याची खोड. ही लक्षणे खरीच होती, पण तो स्वभाव नव्हता. तो अंकुशकृमीचा रोग होता.

चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये अमेरिकेतली अंकुशकृमीची जात वेगळी ओळखली. तिची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. माती उबदार, ओलसर आणि रेताड असेल तर त्यांतून अळ्या निघतात. संडास नसलेल्या घराच्या मागे अनवाणी फिरणाऱ्या पोराच्या बोटांच्या बेचक्यांतून त्या कातडीत शिरतात. तिथे खाज सुटून फोड येतो. पुढे रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्यावर आतड्यात, असा त्यांचा प्रवास. आतड्याला चिकटलेले कृमी रक्त पितात. शेकड्यांनी असले की मूल पंडुरोगी होते, वाढ खुंटते, वर्गात डोळे मिटतात. कडाक्याच्या थंडीत अळ्या जगत नाहीत, म्हणून उत्तरेत हा रोग पसरलाच नाही आणि तिथल्या माणसाला हा ‘आळस’ कळलाही नाही.

तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलरने १९०९ मध्ये दहा लाख डॉलर दिले आणि ११ राज्यांत मोहीम निघाली. तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के बाधित निघाली. उपचार स्वस्त होता : थायमॉलच्या कॅप्सूल आणि नंतर एप्सम सॉल्टचा जुलाब. पथ्य मात्र कडक. औषधाबरोबर तेल, तूप किंवा दारू पोटात गेली, तर थायमॉल आतड्यात न राहता रक्तात उतरे आणि विषबाधा होई. शिवाय औषध घेऊन मूल त्याच अंगणात अनवाणी परतले की काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. खरा इलाज खड्ड्याचा संडास आणि पायात बूट हाच होता, आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला.

जोडीला पेलाग्रा हा रोग होता. कूळ म्हणून राबणाऱ्यांचे जेवण म्हणजे मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. या आहारात नायसिन हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. मग कातडी सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धिभ्रम होतो. मेक्सिकोतही मुख्य अन्न मकाच, पण तिथे तो चुन्याच्या निवळीत शिजवतात, त्यामुळे नायसिन मोकळे होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर कैद्यांना असाच आहार देऊन हा रोग अन्नाचा आहे, जंतूचा नाही, हे दाखवले. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना ते झोंबले, कारण रोग जंतूचा नसेल तर दोष मजुरीचा ठरत होता.

अदब आणि चीड

दक्षिणेत वडीलधाऱ्यांना ‘येस सर’, ‘नो मॅम’ म्हणणे हे घरचे वळण आहे. लुइझियानाने तर १९९९ मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांनी शिक्षकांना असे संबोधलेच पाहिजे असा कायदा केला. न्यूयॉर्कमध्ये हेच संबोधन कधी थट्टेचे, कधी ‘मी काय म्हातारी झाले?’ असे वाटते. उलट न्यूयॉर्ककर मुद्द्याचे बोलून निघून जातो, ते त्याच्या लेखी दुसऱ्याचा वेळ न खाणे असते; दाक्षिणात्याला तो उद्धटपणा वाटतो. दक्षिणेत दुकानात शिरल्यावर आधी हवापाणी, घरची खुशाली, मग काम. हा क्रम चुकला की काम होते, पण जरा रेंगाळत. ‘ब्लेस युवर हार्ट’ हे वाक्य नवख्याला हमखास चकवते. त्यात खरी माया असू शकते, किंवा ‘बिचाऱ्याला अक्कल नाही’ असेही असू शकते. स्वर ऐकल्याशिवाय निवाडा करू नये.

या अदबीला दुसरी बाजू आहे. रिचर्ड निस्बेट आणि डोव्ह कोहेन यांनी मिशिगन विद्यापीठात गोऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. अरुंद बोळातून जाताना एक जण धक्का देई आणि शिवी हासडी. उत्तरेकडचे बरेचसे हसण्यावारी नेत. दक्षिणेकडच्यांच्या लाळेत कॉर्टिसोल (ताणाचे संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन (आक्रमकतेशी जोडले जाणारे संप्रेरक) यांचे प्रमाण वाढलेले आढळले. अपमान झालाच नाही, तर हेच विद्यार्थी एरवी तितकेच, किंवा जास्तच, सौम्य होते. मान राखण्याची संस्कृती असे या संशोधकांनी त्याला नाव दिले. कायद्याचे राज्य विरळ असलेल्या पशुपालक वसाहतींत तिचे मूळ असावे, हा त्यांचा तर्क मात्र सर्वांना मान्य नाही.

बोलीबाबत थोडक्यात : अनेकांना उद्देशून दक्षिणेत ‘यॉल’, उत्तरेत ‘यू गाइज’, पिट्सबर्गला ‘यिन्झ’. दक्षिणेत ‘पिन’ आणि ‘पेन’ यांचा उच्चार सारखाच होतो, म्हणून टाचणी हवी की लेखणी हे फोड करून सांगावे लागते. अटलांटा हे कोका-कोलाचे जन्मगाव असल्याने आसपास कुठल्याही शीतपेयाला ‘कोक’ म्हणतात. संथ हेल म्हणजे मंद बुद्धी, हा गैरसमज नोकरीच्या मुलाखतीत आजही नडतो.

ताटातला फरक

उत्तरेत ‘आइस्ड टी’ मागितला तर बिनसाखरेचा येतो आणि सोबत साखरेच्या पुड्या. गार चहात साखर विरघळत नाही, तळाशी बसते. दक्षिणेतला ‘स्वीट टी’ गरम असतानाच गोड करतात. एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, प्रमाण असे : सुमारे लिटरभर पाणी उकळून गॅस बंद करावा, १० ते १२ साध्या चहाच्या पिशव्या पाच-सात मिनिटे बुडवून ठेवाव्यात आणि न पिळता काढाव्यात. पिळल्या तर तुरटपणा उतरतो. चिमूटभर खाण्याचा सोडा काहीजण घालतात, त्याने कडवटपणा मरतो. मग २०० ते ३०० ग्रॅम साखर पूर्ण विरघळवून बाकीचे गार पाणी ओतायचे. कढत चहा तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ होतो.

दक्षिणी ‘बिस्किट’ म्हणजे आपले चहात बुडवायचे बिस्कीट नव्हे; तो पदर सुटणारा मऊ, खारट पाव असतो. उत्तरेत राहायला गेलेल्या दाक्षिणात्यांची तो बिघडल्याची तक्रार असते, आणि दोष हाताचा नसून पिठाचा असतो. दक्षिणेतला मऊ गहू ८-९ टक्के प्रथिनांचा. उत्तरेतल्या दुकानी मैद्यात ते ११-१२ टक्क्यांपर्यंत जाते आणि पाव चिवट होतो. कापताना वाटी फिरवली तरी कडा मिटतात आणि तो फुगत नाही.

‘बार्बेक्यू’वरून तर हमरीतुमरी होते. उत्तरेत अंगणात शेगडी पेटवून बर्गर भाजले की बार्बेक्यू झाला. दक्षिणेत तो शब्द फक्त धुरावर मंद शिजलेल्या मांसाला : डुकराचा खांदा, सुमारे १०७ अंश सेल्सिअस, दहा-बारा तास. मांसाच्या आत ७० अंशांच्या आसपास पारा तासन्‌तास हलत नाही, कारण बाष्पीभवनाने मांस गार होत राहते. नवशिका इथेच घाबरून आच वाढवतो आणि मांस कोरडे पडते.

देऊळ, दारू आणि रविवार

दक्षिणेत नवा शेजारी आला की ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’ हा प्रश्न सहज येतो. प्रोटेस्टंट, त्यातही बॅप्टिस्ट, पंथ तिथे प्रबळ. ईशान्येत आयरिश आणि इटालियन वंशजांमुळे कॅथलिक पुष्कळ. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हे दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट चर्चांचे मंडळ १८४५ मध्ये गुलामगिरीच्याच वादावरून उत्तरेपासून फुटले आणि १९९५ मध्ये त्याने त्याबद्दल माफी मागितली. दारूबंदी असलेले परगणे दक्षिणेत अजून आहेत. टेनेसीच्या मूर परगण्यात जॅक डॅनियल्सची भट्टी आहे आणि बंदीही. डिस्टिलरीतून बाटली विकण्यासाठी खास सवलत काढावी लागली. पण सनातनीपणा ही दक्षिणेचीच मिरास, असे मानू नये. न्यूयॉर्कला खेटून असलेल्या न्यू जर्सीच्या बर्गन परगण्यात रविवारी कपडे आणि फर्निचर विकायला आजही बंदी आहे.

उत्तरेचे सोवळेपण

वंशद्वेष दक्षिणेतच होता, ही उत्तरेची सर्वांत सोयीची समजूत. न्यू जर्सीने १८०४ मध्ये टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला, तरी तिचा शेवटचा अंश १८६५ च्या घटनादुरुस्तीनेच गेला. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेले. तिथे दक्षिणेतल्यासारखे काळ्या-गोऱ्यांचे पाणी पिण्याचे नळ वेगळे नव्हते, पण वस्त्या वेगळ्या होत्या. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांचे मोहल्ले लाल रंगवले गेले आणि तिथे घरकर्ज मिळणे दुरापास्त झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६६ मध्ये शिकागोत मोर्चात दगड लागला. इतका द्वेष मिसिसिपी-अलाबामातही पाहिला नाही, असे ते म्हणाले. काळ्या-गोऱ्या मुलांना एकाच शाळांत घालण्यावरून १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये दंगे झाले.

हवामान आणि घर

मिनेसोटात जमीन साडेतीन ते पाच फूट गोठते. पाया त्याखाली न्यावाच लागतो, नाहीतर बर्फ फुगून भिंत उचलतो. इतके खणलेच आहे तर तळघर आयतेच होते. दक्षिणेत फूटभर खोल पाया पुरतो, म्हणून काँक्रीटच्या ओट्यावर घर, पूर्वी उंच छत आणि पुढे ऐसपैस ओसरी. वातानुकूलन घरोघर आल्यावर ओसरीवरचे बसणे कमी झाले आणि उत्तरेकडचे कारखाने दक्षिणेकडे यायला लागले.

‘दोन इंच बर्फ पडला की दक्षिण कोलमडते’ ही थट्टा २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात खरी ठरली. शाळा, कचेऱ्या आणि दुकाने एकाच दुपारी सुटली. रस्त्यावर आधी मीठ टाकलेले नव्हते. चाकांखाली बर्फ दबून काच झाला. हजारो माणसे रात्रभर गाड्यांत अडकली, मुले शाळेत झोपली. गाडी चालवता न येण्यापेक्षा सगळे एकाच वेळी निघणे जास्त भोवले.

आजची स्थिती

१९७० नंतर ओघ उलटला. कृष्णवर्णीय कुटुंबेही अटलांटा, ह्यूस्टनकडे परतू लागली. मिसिसिपीने बंडखोरांचे चिन्ह असलेला राज्यध्वज २०२० मध्ये उतरवला. शहरांत जुना दाक्षिणात्य हेल विरतो आहे, खेड्यांत टिकून आहे. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिनात मराठी वस्तीही वाढली. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ चे अधिवेशन डॅलसला भरले. बॉस्टनहून अटलांटाकडे बदली होणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दक्षिणेत शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरतात आणि मे अखेर सुटतात, तर ईशान्येत सप्टेंबर ते जून. जूनअखेर शाळा सुटून तिकडे गेलेल्या मुलांची उन्हाळी सुट्टी जेमतेम पाच-सहा आठवड्यांची उरते.